घरातून धंदा करायचाय, पण झोन रहिवासी आहे: वाचकांचे प्रश्न

मागच्या महिन्यात म्हटलं होतं की घरातून चालणाऱ्या धंद्यांबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा, आणि इतके प्रश्न आले की सगळे एका वेळी घेणं शक्यच नाही, म्हणून सारखे सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि नाव कुणाचंच छापलेलं नाही. एक आधीच सांगते, प्रत्येक शहराची नियमावली वेगळी असते त्यामुळे तुमच्या शहराचे आकडे तुम्हालाच बघावे लागतील, पण त्या आकड्यांमागचा विचार बऱ्याच ठिकाणी सारखा आहे आणि तो एकदा कळला की नियमावली उघडायची भीती जाते.

प्रश्न: घर माझं, कर्ज मी फेडलं. दार लावून आत मी शिलाई करते का झोपते याच्याशी शहराला काय करायचंय? हा झोन प्रकार आणला कुणी?

ताई, तुमचा राग मला पूर्ण कळतो आणि तो अगदीच बिनबुडाचा नाहीये, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

झोन म्हणजे शहराच्या नकाशावर रंगवलेले भाग. हा रहिवासी, हा व्यापारी, हा कारखान्यांचा, आणि प्रत्येक रंगात काय चालेल काय नाही याची यादी. आज आपल्याला वाटतं हे कायमचंच आहे, पण तसं नाही, आधी जगभर विणकराचा माग घरातच असायचा, सोनाराची भट्टी घरात, वैद्य घरातच रोगी बघायचा. राहणं आणि कमावणं वेगळं करायचं ही कल्पना कारखाने आल्यावरची. धूर, आवाज, आगी, रात्रंदिवस गाड्या, हे घराशेजारी नको असं लोकांना वाटायला लागलं आणि ते बरोबरच होतं.

पण त्या सुरुवातीला एक वाईट बाजूपण आहे. कॅलिफोर्नियातल्या मोडेस्टो गावाने 1885 साली नियम केला की कपडे धुण्याचा धंदा रेल्वे रुळांच्या पलीकडच्या एका ठराविक भागातच करायचा. वरवर पाहता हा जागेचा नियम, पण तिथे लॉन्ड्र्या बहुतेक चिनी लोकांच्या होत्या आणि त्यांना बाकीच्या वस्तीतून हलवायचं हा हेतू काही लपलेला नव्हता. म्हणजे झोनचा नियम माणसांना बाजूला सारायला वापरता येतो हे पहिल्यापासूनच दिसलेलं आहे. मग 1916 मध्ये न्यूयॉर्कने पूर्ण शहरासाठी झोनिंगचा ठराव केला, कारण एकीकडे उंच इमारतींच्या सावल्या रस्त्यांवर पडत होत्या आणि दुसरीकडे फिफ्थ ॲव्हेन्यूच्या दुकानदारांना कपडे शिवणारे कारखाने शेजारी नको होते. आणि 1926 मध्ये युक्लिड नावाच्या एका छोट्या गावाचा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला, ॲम्बलर नावाची जमिनीची कंपनी म्हणत होती की आमच्या जमिनीचं काय करायचं हे गावाने ठरवू नये, आणि कोर्ट गावाच्या बाजूने गेलं. त्या निकालात एक वाक्य आहे जे मला फार आवडतं, की उपद्रव म्हणजे कधीकधी फक्त चुकीच्या जागी आलेली बरोबर गोष्ट, जसं शेतावरच्या आवाराऐवजी दिवाणखान्यात आलेलं डुक्कर.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर याच वाक्यात आहे. डुकरात काही वाईट नाही आणि शिलाईत तर नाहीच नाही. शहराला विचारायचा हक्क आहे तो तुमच्या दाराबाहेर काय जातंय याचा. आवाज, वास, धूर, कचरा, येणारी माणसं, उभ्या राहणाऱ्या गाड्या, रात्रीचा उजेड, पाटी. आत तुम्ही एका मशीनवर शिवत असाल आणि बाहेर यातलं काहीच जात नसेल, तर चांगल्या नियमावलीत तुम्हाला अडवणारं कलम नसतं, आणि असेल तर ते कलम जुनं झालंय असं मी स्पष्ट म्हणेन.

प्रश्न: मी घरी बसून लॅपटॉपवर डिझाइनची कामं करतो, कुणी येत जात नाही. परवानगी?

बहुतेक ठिकाणी नाही, किंवा साधी नोंद पुरते. इंग्लंडच्या सरकारी मार्गदर्शनात हे छान सांगितलंय, की घर हे आधी राहतं घर आणि नंतर धंदा असं राहिलं तर सहसा प्लॅनिंगची परवानगी लागत नाही. आधी घर, मग धंदा. हे चार शब्द भिंतीवर लावा.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. टॅक्सचा नंबर मिळाला, धंद्याची नोंदणी झाली म्हणजे झोनची परवानगी मिळाली असं होत नाही, ती दोन वेगळी ऑफिसं आणि दोन वेगळे प्रश्न आहेत, बरेच लोक इथेच फसतात कारण त्यांच्याकडे सर्टिफिकेट असतं आणि त्यांना वाटतं झालं सगळं. दुसरं, ऑनलाइन मॅपवर घरचा पत्ता दुकानासारखा टाकू नका. लोक खरंच येतात, आणि मग कुणी येत जात नाही हे तुमचं वाक्य खोटं ठरतं.

प्रश्न: मी घरी गाण्याचे क्लास घेते. पाच मुलींपासून सुरू केलं, आता पंचवीस झाल्या. शेजारी अजून काही बोलले नाहीत. किती झाल्या की नियमात बसत नाही? आणि माझी मैत्रीण घरी पार्लर चालवते, तिला नाही म्हणाले आणि त्याच रस्त्यावरच्या वकिलांच्या ऑफिसला हो म्हणाले, हे कसं काय?

आधी तुमचं. नियमावलीत घरच्या धंद्याचं माप साधारण तीन फुटपट्ट्यांनी घेतात आणि प्रत्येक शहर त्यातली वेगळी वापरतं.

एक म्हणजे जागा. जपानमध्ये सगळ्यात कडक रहिवासी झोनमध्येसुद्धा घराला जोडून दुकान, ऑफिस, शिकवणी चालते, अट अशी की धंद्याची जागा 50 चौरस मीटरच्या आत आणि घराच्या निम्म्यापेक्षा कमी हवी. तिथल्या गल्ल्यांमध्ये खाली न्हाव्याचं दुकान आणि वर त्याचं घर दिसतं ते या नियमामुळे. अमेरिकेत पेनसिल्वेनिया राज्याच्या कायद्यात, ज्याचा बाहेर काहीच परिणाम होत नाही अशा घरच्या धंद्याची व्याख्या आहे, त्यात राहत्या जागेच्या 25 टक्क्यांपेक्षा जास्त वापरायची नाही असं आहे.

दुसरी, बाहेरचे कामगार. म्हणजे त्या घरात न राहणारी किती माणसं कामाला येतात. फ्लोरिडाने 2021 मध्ये राज्यभर एकच कायदा केला आणि त्यात बाहेरची दोन माणसं चालतील असं ठरवलं.

तिसरी, येणारे लोक, आणि तुमचा प्रश्न हाच आहे. नॅशव्हिल शहरात, जे संगीतासाठीच ओळखलं जातं, तिथे घरच्या धंद्याला एकही गिऱ्हाईक घरी येऊ द्यायची बंदी होती. एकाने घरी साउंडप्रूफ रेकॉर्डिंग स्टुडिओ केलेला, एका बाईने गॅरेजमध्ये केस कापायची एक खुर्ची मांडलेली, दोघांना शहराने बंद करायला लावलं आणि दोघं 2017 मध्ये कोर्टात गेले. आणि त्याच शहरात घरच्या पाळणाघरात डझनभर मुलं चालत होती, म्हणजे डझनभर आईबाप सकाळ संध्याकाळ गाडी घेऊन आलेले चालत होते पण केस कापायला आलेली एक बाई चालत नव्हती. शेवटी 2020 मध्ये तिथल्या कौन्सिलने नियम बदलून दिवसाला सहा जण येऊ दिले.

आता तुमच्या पंचवीस मुली. त्या एकदम येतात का आठवड्यात विभागून येतात याने सगळा फरक पडतो. माझा अनुभव असा की शेजाऱ्यांचं भांडण गाण्यावरून फार क्वचित होतं, ते होतं बॅच सुटताना, जुनी बॅच निघतेय, नवी आलीय, आणि दहा मिनिटं रस्त्यावर सगळे पालक गाड्या लावून उभे, कुणाच्या तरी फाटकासमोर. म्हणून दोन बॅचमध्ये पंधरावीस मिनिटं मोकळी ठेवा, पालकांना कुठे थांबायचं ते लेखी सांगा, शेवटची बॅच लोकांच्या जेवणझोपेच्या वेळेआधी संपवा. एका वेळेला पाच मुली आणि दिवसाला दोन बॅच असं असेल तर ते घरासारखंच दिसतं, पण रविवारी सकाळी पंचवीसजणी एकदम बोलावल्या तर ती शाळा झाली, आणि शेजारी बोलले नाहीत याचा अर्थ त्यांची हरकत नाही असा धरू नका, कित्येकदा ते बोलत नाहीत आणि थेट अर्ज करतात. तुमच्या नियमावलीत शिकवणी असा वेगळा शब्द आहे का ते बघा, बऱ्याच ठिकाणी असतो आणि त्याला आकडा दिलेला असतो.

मैत्रिणीचं वाचून मला वाईट वाटलं, कारण हे मी खूप वेळा पाहिलंय. काही नियमावल्या परिणाम बघतात, काही धंद्यांची यादी देतात. जर्मनीत 1962 चा बांधकाम वापराचा नियम आहे, त्यात वकील, डॉक्टर, आर्किटेक्ट अशा स्वतंत्र व्यावसायिकांना रहिवासी भागात खोल्या वापरायची मुभा दिलीय. कुठलीही यादी केली की प्रश्न येतोच, यादीबाहेरच्यांचं काय? ज्या काळात अशा याद्या झाल्या त्या काळात त्यात बसणारे बहुतेक पुरुष, आणि घरी बसून शिवणाऱ्या, केस कापणाऱ्या, मुलं सांभाळणाऱ्या बायका त्या यादीच्या बाहेर. वकिलाकडे तासाला चार पक्षकार आले तर चालतात आणि पार्लरला तासाला एक बाई आली तर चालत नाही, याला काही तर्क नाही. जिथे यादी आहे तिथे यादी काढून परिणामाचा नियम आणा अशी मागणी करायलाच हवी, आणि विकास आराखडा बदलताना हरकती सूचना मागवतात तेव्हा लेखी करायला हवी, कारण तेव्हा लिहिलेलं फाइलला लागतं, चहाच्या टपरीवर बोललेलं लागत नाही. मैत्रिणीला सांगा नकार लेखी घ्यायचा आणि कुठल्या कलमाखाली नाकारलं ते त्यात लिहून घ्यायचं. नुसतं तोंडी नाही म्हणाले तर तो नकार धरूच नये.

प्रश्न: गॅरेजमध्ये लाकूडकाम करतो. एक गोल करवत, एक रंधा मशीन, पॉलिश. फक्त दिवसा करतो. मग काय हरकत आहे?

हरकत आहे दादा, आणि मी इथे शहराच्या बाजूने आहे. जपानच्या त्याच नियमात, ज्यात मी मघाशी इतकं मोकळेपण सांगितलं, घरातल्या कलाकुसरीच्या कारखान्याला मोटरची मर्यादा आहे 0.75 किलोवॅट, म्हणजे साधारण एक हॉर्सपॉवर. मोटर जितकी मोठी तितका आवाज आणि हादरा शेजारच्या खोलीत जायची शक्यता जास्त. तुमची करवत बहुतेक त्याच्या वर असणार, मशीनवरची प्लेट वाचा.

पण खरी काळजी आवाजाची नाही, पॉलिश आणि भुशाची आहे. बारीक लाकडाची धूळ हवेत उडालेली असताना पेट घेते, तेलपॉलिशने भिजलेली फडकी ढीग करून ठेवली तर आपोआप तापून पेटतात, ठिणगी लागतच नाही. आणि वरच्या खोलीत घरचे झोपलेले असतात. यासाठीच रहिवासी भागात ज्वलनशील वस्तूंचा साठा हे कलम जवळपास सगळीकडे वेगळं असतं आणि त्यात सूट मिळत नाही, मिळूही नये. काम वाटून घ्या, मोजमाप, डिझाइन, जोडणी, गिऱ्हाइकाशी बोलणं घरी, आणि कापणं घासणं रंगवणं कारखान्याच्या झोनमध्ये जागा तासावर घेऊन. खर्च वाढेल हे खरंय.

प्रश्न: मी धंदा करत नाही, मी शेजारी आहे. समोरच्या घरातून ऑनलाइन विक्री चालते. दिवसभर पार्सलच्या गाड्या, जिन्यात खोके, रात्री अकराला टेप चिकटवायचा आवाज. तक्रार केली तर वाईट मी. काय करू?

तुमचं पत्र मुद्दाम घेतलंय, कारण घरच्या धंद्याबद्दल बोलताना शेजाऱ्याला नेहमी खलनायक करतात आणि ते अन्यायाचं आहे. घरात शांतता मिळावी हा तुमचा हक्क आहे आणि झोन मुळात त्यासाठीच आहे.

आधी पंधरा दिवस वही ठेवा. तारीख, वेळ, काय झालं, किती वेळ. गाडी आली तर किती मिनिटं थांबली, वाट अडली का. ही वही दोन कामं करते, एक म्हणजे तुम्हालाच कळतं की त्रास खरंच रोजचा आहे का दोन वाईट दिवस डोक्यात बसलेत, आणि दुसरं, पुढे अर्ज करायची वेळ आली तर नुसतं फार त्रास होतो यापेक्षा ही वही शंभरपट वजनदार ठरते. मग वही घेऊन त्यांच्याकडे जा आणि धंदा बंद करा असं म्हणू नका, गाडी दिवसातून एकदाच बोलवा, खोके जिन्यात नको, रात्री नऊनंतर पॅकिंग नको, अशा तीन गोष्टी मागा. घरून विकणाऱ्या कितीतरी लोकांना खरंच माहीत नसतं की टेपचा आवाज भिंतीतून जातो.

जिन्यातले खोके मात्र वाटाघाटीचा विषय नाही. आग लागली तर सगळ्या मजल्यांची सुटायची वाट तीच आहे. ते त्याच दिवशी हलवायला सांगा आणि नाही हलवले तर झोनवाल्या ऑफिसकडे नाही, अग्निशमन विभागाकडे जा, तिथे लवकर हालचाल होते.

आणि एवढं करूनही काही झालं नाही तर तक्रार करा, वाईट कोण याचा विचार न करता. फक्त तक्रारीत त्रास लिहा, माणसाबद्दल लिहू नका. ते कुठून आले, घरात किती जण राहतात, भाडेकरू आहेत का, यातलं काहीही नाही. मोडेस्टोच्या लॉन्ड्रीवाल्यांना आठवून हे सांगतेय.

प्रश्न: नोटीस आली. अकरा वर्षं घरात सायकल दुरुस्ती करतोय, आता म्हणतात रहिवासी झोनमध्ये अनधिकृत वापर. पंधरा दिवसांत बंद करा. हातपाय गळालेत.

आधी श्वास घ्या. नोटीस म्हणजे निकाल नाही, नोटीस म्हणजे प्रश्न, आणि त्याला उत्तर द्यायचा तुम्हाला हक्क आहे. सगळ्यात मोठी चूक म्हणजे पाकीट कपाटात ठेवून देणं. दुसरी चूक म्हणजे ऑफिसात जाऊन सगळेच करतात असं म्हणणं, त्याने तुम्ही कबूल केलंत की तुम्ही पण करता, आणि बाकीच्यांवर पण संकट आणलंत.

मुदत संपायच्या आत लेखी उत्तर द्या आणि पोच घ्या. त्यात कलम कुठलं ते विचारा, कागदपत्रांसाठी वेळ मागा. मग घरी बसून तुमचा धंदा कुठल्या दारातून आत जाऊ शकतो ते बघा. काही वापर झोनमध्ये थेट मान्य असतात आणि नोटीस काढणाऱ्याने चुकीचं वाचलेलं असतं, हे होतं, मी पाहिलंय. काही वापर अटींवर मान्य असतात, त्यात शेजाऱ्यांना कळवतात, सुनावणी होते आणि वेळ, पाटी, गाड्या अशा अटी घालून परवानगी देतात, सायकल दुरुस्तीला हा रस्ता बऱ्याचदा मिळतो कारण आवाज कमी आणि गिऱ्हाईक चालत येतं. नियमातून खास सूट मागायचा रस्तापण असतो पण तिथे नुसती तुमची गरज बघत नाहीत, जागेतच काही वेगळी अडचण आहे का ते बघतात, म्हणून माझं पोट यावर आहे एवढ्यावर ती सहसा मिळत नाही, वाचायला कठोर वाटतं पण आधीच माहीत असलेलं बरं.

आणि तुमची अकरा वर्षं. नियम येण्याच्या आधीपासून तुमचा वापर चालू असेल तर बहुतेक ठिकाणी तो जुना वापर म्हणून चालू ठेवता येतो, पण वाढवता येत नाही आणि मध्ये बराच काळ बंद ठेवला तर तो हक्क जातो. नियम आधीचा आणि तुम्ही नंतर सुरू केलं असेल तरी सगळं संपत नाही, इंग्लंडमध्ये असा वापर सलग 10 वर्षं चालला, लपवून ठेवलेला नव्हता आणि शहराने काही केलं नाही, तर मग कारवाई करता येत नाही आणि तसा दाखला मागता येतो. तुमच्याकडे अशी तरतूद आहे का ते नगररचना विभागात लेखी विचारा. दोन्हीकडे लागतो तो पुरावा, म्हणून आजच शोधायला लागा, जुनी पार्ट्सची बिलं, गिऱ्हाइकांच्या पावत्या, वीजबिलं, तारखेसकट फोटो ज्यात मागे कुठेतरी सायकली दिसतायत. मुलाच्या वाढदिवसाचा फोटोही चालतो. शेजाऱ्यांकडून दोन ओळींचं पत्र घ्या की हे किती वर्षं चाललंय आणि आम्हाला त्रास नाही, चार पत्रं मिळाली तरी सुनावणीत फरक पडतो.

प्रश्न: शहराने लेखी हो म्हटलं, पण घरमालक नाही म्हणतोय. शहराचं वरचढ ना?

नाही. हे दोन वेगळे पहारे आहेत आणि दोन्हीकडून सुटावं लागतं. अमेरिकेतलं ह्यूस्टन हे एवढं मोठं शहर, तिथे नेहमीसारखं झोनिंगच नाही, तरी कित्येक वस्त्यांमध्ये घरातून धंदा करता येत नाही कारण जमिनीच्या खरेदीखतातच तशी अट लिहिलेली असते. तसंच भाडेकराराचं, तसंच सोसायटीच्या नियमांचं. शहराने हो म्हणणं म्हणजे शहराची हरकत नाही, एवढंच.

करार काढा आणि त्यात फक्त राहण्यासाठी असे शब्द आहेत का बघा. असतील तर मालकाला काय नको वाटतंय ते विचारा, बहुतेकांना भीती असते की जागा पुढे व्यापारी धरली जाईल, कर वाढेल, किंवा तुम्ही निघणारच नाही. तुम्ही काय करणार, किती वेळ, किती माणसं येणार, पाटी लावणार नाही, आणि मागितलं तर महिन्याभरात बंद करीन, हे एका कागदावर लिहून द्या आणि करारालाच जोडा. आणि घराचा विमा असेल तर विमावाल्यांनापण त्याच आठवड्यात कळवा, कारण घरगुती पॉलिसीत धंद्याचं सामान आणि घरी आलेल्या गिऱ्हाइकाची इजा सहसा धरलेली नसते, आणि ते कळतं तेव्हा नुकसान होऊन गेलेलं असतं.